बासष्टाव्या पानावर

तो मेल मी एकोणीस दिवस उघडला नव्हता. विषयाच्या जागी ‘सहज विचारतेय’ एवढंच लिहिलं होतं आणि पहिली अर्धी ओळ बाहेरूनच दिसायची: ‘नमस्कार, मॅन्युअलचं काम कुठव…’. पुढचं ‘र आलं’ मला न उघडताच ऐकू यायचं. रोज सकाळी इनबॉक्स उघडला की नजर त्या ओळीवरून अशी घसरायची, जशी रस्त्यात उसने पैसे देणं असलेला माणूस दिसल्यावर आपण समोरच्या पाट्या वाचायला लागतो.

मी तांत्रिक मजकुराचे अनुवाद करते आणि अधूनमधून संपादनाची कामं घेते. घरून, एकटी. त्या वेळी मुख्य काम होतं पंपांच्या देखभालीचं मॅन्युअल, १८४ पानांचं. पैकी ६२ पानं झाली होती. मुदत संपून सोळा दिवस लोटले होते. त्याखेरीज एका विज्ञानविषयक पुस्तकाचं संपादन, दोन छोट्या माहितीपुस्तिका, कुणाला तरी ‘बघते की’ म्हणून शब्द दिलेली प्रस्तावना, तीन महिन्यांची न पाठवलेली बिलं आणि असंख्य किरकोळ गोष्टी. असंख्य म्हणजे किती, हे मला माहीत नव्हतं. मोजायची छाती नव्हती.

मी दिवसभर काहीच करत नव्हते, असं मात्र नाही. उलट दमून जायचे. त्या काळात मी संगणकावरचे दहा वर्षांचे फोल्डर वर्षवार लावले, कीबोर्डची बटणं काढून धुतली, दोन फॉन्टपैकी अनुवादाला कोणता शोभेल याची रीतसर तुलना केली. माहितीपुस्तिकेच्या चार ओळी करायच्या, मग विज्ञानाच्या पुस्तकाची दोन पानं, मग पुन्हा इनबॉक्स. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि कुणी विचारलं तर ‘मरणाचं काम आहे’ हे उत्तर अगदी खरं वाटायचं. मॅन्युअलची फाइल मात्र आठवड्यातून एकदा उघडायची. कर्सर ६२व्या पानाच्या शेवटी लुकलुकायचा. मी पान वर सरकवून आधीचा मजकूर ‘एकदा नजरेखालून’ घालायचे, दोन स्वल्पविराम बदलायचे आणि फाइल बंद करायचे.

आळस म्हणावं तर आळशी माणसाला निदान सुख तरी लागतं. मला तेही लागत नव्हतं.

चालढकलीबद्दल मी तेव्हा बरंच वाचत होते, कारण चालढकलीबद्दल वाचणं हा चालढकलीचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. त्यातलं बहुतेक विसरले. एक मात्र डोक्यात राहिलं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असं मांडलं की, चालढकलीचा गुंता घड्याळापेक्षा मनःस्थितीशी जास्त आहे. काम समोर आलं की एक नकोशी भावना येते, काम टाळलं की ती त्या क्षणापुरती जाते, आणि मनाला त्या सुटकेची चटक लागते. उद्याचा माणूस काय ते निस्तरेल. हे वाचताना मला तो न उघडलेला मेल आठवला. तो उघडून उत्तर द्यायला पाच मिनिटंही लागली नसती. म्हणजे माझ्याकडे वेळ नव्हता ही सबब तिथे चालतच नव्हती. मी मेल टाळत नव्हते. आपण नेमक्या किती मागे पडलो आहोत हे कळण्याचा क्षण मी टाळत होते.

हे कळल्याने काही बदललं का? नाही. पुढचे चार दिवस मी ‘आपल्याला आपला दोष कळला’ या समाधानात घालवले.

कोंडी फुटली ती एका फोनमुळे. आमच्या धंद्यातले एक ज्येष्ठ आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी एका शब्दाबद्दल विचारायला फोन केला होता. मी नेहमीप्रमाणे कामाच्या डोंगराचं रडगाणं सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, डोंगर डोंगर करतेयस, पण किती तास आहेत?”

“तास कसे सांगणार सर? खूप आहे.”

“खूप हा आकडा नाही. कागद घे आणि लिही. मला नको सांगूस, स्वतःला सांग.”

फोन ठेवला तेव्हा मला त्यांचा थोडा राग आला होता. पण त्या दुपारी कागद घेतला. डोक्यात होतं ते सगळं उतरवलं, मग इनबॉक्स, मग वही, मग फोनमधले संदेश. एका ओळीत एक काम. ‘बिलं’ असं लिहायचं नाही, तीन बिलं तर तीन ओळी. दीड तास लागला. मधे दोनदा उठून खिडकीपाशी गेले. शेवटी मोजल्या तेव्हा ७१ ओळी भरल्या.

एकाहत्तर! वाईट वाटायला हवं होतं, पण मी चक्क खुर्चीत मागे टेकले. मनातल्या मनात तो आकडा कधीच हजाराच्या पुढे गेलेला होता.

मग प्रत्येक ओळीपुढे तास लिहिले. इथे मला माझाच स्वभाव आडवा येणार हे ठाऊक होतं. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं होतं: नियोजनातला भ्रम. आपलं काम किती वेळात होईल हे सांगताना माणूस मागचे सगळे अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळं सुरळीत चाललेलं चित्र डोळ्यांपुढे आणतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं होतं. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, यावर उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी ते पुरेसं वाईट नव्हतं. मला या विद्यार्थ्यांबद्दल फार आपुलकी वाटते.

माझ्याकडे अंदाजापेक्षा चांगली गोष्ट होती: जुन्या फायलींवरच्या तारखा आणि वेळा. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे की तासाला चार पानं होतात. जुन्या तीन कामांचा हिशेब काढला तर तासाला दोन पडली. चारचा वेग मी एकदा गाठला होता खरा, कधीतरी सकाळी, सोप्या मजकुरावर, आणि तोच आयुष्यभर सांगत आले होते. तेव्हा सरळ सगळ्या ओळींपुढचे तास दुप्पट केले. आधीची बेरीज ११८ होती, ती २३६ झाली.

दुसरा आकडा काढायला आठवडा लागला. रोज खरोखर काम किती तास होतं, तेवढंच टिपायचं. टेबलापाशी बसलेले तास धरायचे नाहीत. रोजचे नऊ-दहा तास मी त्या खुर्चीत असायचे. हाती लागले सरासरी साडेतीन. हा आकडा बघून मला स्वतःची लाज वाटली. पुढे काही महिने टिपत राहिले आणि तो फारसा हलला नाही, तेव्हा लाज गेली. माझी विहीर तेवढीच आहे.

आता भागाकार करायचा होता. मॅन्युअलची मुदत उलटून गेली होती, बाकी सगळ्या मुदती पुढच्या सहा आठवड्यांत होत्या. रविवार सोडून ३६ दिवस, गुणिले साडेतीन, म्हणजे १२६ तास. आणि काम २३६ तासांचं. ११० तास कमी पडत होते.

त्या वजाबाकीकडे मी बराच वेळ बघत बसले. इतके महिने मी स्वतःला सांगत होते की, जरा शिस्त लागली, पहाटे उठले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, की सगळं होईल. ते होणारच नव्हतं. कितीही सद्गुणी झाले असते तरी झालं नसतं. माझी टाळाटाळ खरी होती, पण ती एका अशा ढिगापुढे उभी राहून चालली होती जो मुळात एका माणसाच्या मापाचाच नव्हता. आणि तो ढीग कुणी माझ्या अंगावर आणून टाकला नव्हता. त्यातली प्रत्येक ओळ मी ‘हो, करते की’ म्हणून स्वतः आणली होती. बऱ्याचदा तर जुनं काम रखडल्याच्या अपराधी भावनेतून नवीन घेतलं होतं. एकीकडे नाव खराब होतंय, तर दुसरीकडे तरी चांगलं म्हणवून घेऊ, असा हिशेब. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

त्याच सुमारास रांगांच्या गणितातला एक नियम वाचनात आला, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. दुकानातली रांग असो की कारखान्यातली अर्धवट कामं, हिशेब एकच: सरासरी किती गोष्टी अडकून असतात याला त्या ज्या वेगाने बाहेर पडतात त्याने भागलं की प्रत्येक गोष्ट किती काळ अडकते ते मिळतं. माझ्या हातात एका वेळी बारा मोठी कामं उघडी असायची आणि आठवड्याला जेमतेम एक संपायचं. म्हणजे कोणतंही काम माझ्याकडे आलं की सरासरी बारा आठवडे मुक्कामाला. तेच हातात चार ठेवली तर चार आठवडे. वेग न वाढवता! उघड्या कामांची संख्या मी आजवर मेहनतीचा पुरावा म्हणून मिरवत होते.

थोडक्यात, मला ११० तास परत करायचे होते. आणि तोच सगळ्यांत कठीण भाग निघाला.

आधी सोपं उरकलं. ७१ पैकी २३ ओळी दहा मिनिटांच्या आतल्या होत्या: एक पोचपावती, एक पासवर्ड, ती तीन बिलं. बिलं तर हसण्यासारखी गोष्ट. माझेच पैसे, मलाच मिळायचे, आणि तीन महिने मी पाठवली नव्हती, कारण ती पाठवायची म्हणजे त्याच लोकांशी बोलायचं ज्यांची दुसरी कामं रखडली होती. एका दुपारी तेवीसच्या तेवीस संपल्या. पण तास मोजले तर जेमतेम तीन कमी झाले. यादी छोटी दिसते, डोंगर तेवढाच राहतो.

मग नऊ माणसांची नावं काढली ज्यांना मला ‘होणार नाही’ किंवा ‘उशीर होईल’ हे सांगायचं होतं. पहिला मेल अर्थातच त्या मॅन्युअलवाल्या बाईंना. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात माझी तब्येत होती, इंटरनेटचा घोटाळा होता, मजकुराच्या काठिण्यावर एक परिच्छेद होता. वाचून पाहिला तर त्यात त्यांना हवी असलेली एकही गोष्ट नव्हती. सगळा खोडला आणि लिहिलं: ‘तुमच्या मेलला उत्तर द्यायला फार उशीर केला, त्याबद्दल माफी मागते. १८४ पैकी ६२ पानं झाली आहेत, ती सोबत जोडली आहेत. उरलेल्या १२२ पानांना मला ६१ तास लागतील आणि मी रोज दोन तास देऊ शकते, म्हणजे कामाचे ३१ दिवस. हे चालणार नसेल तर काही प्रकरणं दुसऱ्या कुणाला द्यायला माझी हरकत नाही.’

पाठवा या बटणावर बोट ठेवलं तेव्हा छाती धडधडत होती, अक्षरशः. पाठवलं आणि लॅपटॉप मिटून पायऱ्या उतरून खाली गेले, जणू उत्तर तिथे पोहोचू शकणार नव्हतं.

उत्तर दोन तासांनी आलं. गोड नव्हतं. ‘हे तीन आठवड्यांपूर्वी कळवलं असतंत तर बरं झालं असतं. शेवटची तीन प्रकरणं दुसऱ्यांना देत आहोत, त्यानुसार मानधन कमी होईल. उरलेलं कधी देता, नक्की तारीख सांगा.’ त्यांचं बरोबरच होतं. बाकी आठांपैकी तिघांनी ‘काही हरकत नाही’ म्हटलं. एकाला ते काम आपण दिलं होतं हेच आठवत नव्हतं. एकाने पुस्तिका काढून घेतली आणि जरा टोचून बोलला. एकाने आजतागायत उत्तर दिलेलं नाही. प्रस्तावनावाले भेटले तेव्हा दुसरीकडे बघत होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, माझा त्यात चांगलाच सराव होता.

या सगळ्यातून ९० तास सुटले. वीस कुठूनतरी खेचून काढू असं ठरवलं.

आता उरला तो ६२व्या पानावरचा कर्सर. शेवटची तीन प्रकरणं म्हणजे ३८ पानं गेली होती, माझ्याकडे ८४ राहिली होती. म्हणजे ४२ तास, रोज दोन तासांनी २१ दिवस. तारीख २४ दिवसांनंतरची कळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं एक साधं तंत्र वापरायचं ठरवलं होतं: ‘उद्या काम करीन’ असा नुसता संकल्प करायचा नाही, ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं जर-तरचं वाक्य आधीच ठरवून ठेवायचं. माझं वाक्य होतं: संगणक सुरू झाला की आधी मॅन्युअल, मेल नंतर. आणि दहा मिनिटांचा गजर. दहाच. गजर लावून काम करण्याच्या ‘पोमोदोरो’ पद्धतीतली प्रसिद्ध पंचवीस मिनिटं मला तेव्हा फार मोठी वाटत होती.

गजर लावला आणि या वेळी पान वर न सरकवता पुढे सरकवलं. ६३व्या पानाचा पहिलाच मथळा होता ‘कॅव्हिटेशन’. आणि मग मला आठवलं. पाच आठवड्यांपूर्वी मी इथेच उठले होते. पंपात दाब फार कमी झाला की द्रवात वाफेचे बुडबुडे तयार होतात, जास्त दाबाच्या जागी गेले की फुटतात आणि इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, धातूला खड्डे पाडतात. या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. शब्द घडवला तर पंप दुरुस्त करणाऱ्याला कळणार नाही, इंग्रजी ठेवला तर अनुवाद कसला, असा घोळ घालून ‘उद्या बघू’ म्हणत मी उठले होते. त्या उद्यावर पाच आठवडे चढले. त्यावर अपराधीपणा चढला, त्यावर तो मेल, आणि खाली हे एवढंसं काहीतरी आहे हेच मी विसरून गेले होते.

‘कॅव्हिटेशन’ तसंच ठेवलं, खाली एका ओळीत अर्थ दिला. चार मिनिटं लागली. गजर व्हायला अजून सहा बाकी होती.

तेव्हापासून एक सवय जडली आहे. उठताना अर्धवट जागी चिठ्ठी ठेवते: ‘पुढचा अडथळा: अमुक तक्त्यातली एककं बघणे.’ दुसऱ्या दिवशीच्या मला डोंगर दिसत नाही, एककं दिसतात.

सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. तिसऱ्या आठवड्यात मी यादीचं स्प्रेडशीट केलं. मग त्याला रंग दिले. लाल म्हणजे तातडीचं, केशरी म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराची वाट. मग किती टक्के काम झालं ते आपोआप दाखवणारा स्तंभ. मग त्या स्तंभाचा आलेख. संध्याकाळी पाच वाजता आलेख सुंदर दिसत होता आणि तो दाखवत होता की, त्या दिवशी शून्य टक्के काम झालं. पूर्वी अशा दिवसानंतर मी आणखी तीन दिवस स्वतःला शिव्या देण्यात घालवले असते. या वेळी पिचिल यांच्याच गटाचं २०१० मधलं एक निरीक्षण मदतीला आलं: पहिल्या परीक्षेच्या अभ्यासातल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. मला हे वाचायला थोडं लाडावल्यासारखं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण आलेख पुसला, कागदाची यादी परत काढली आणि दुसऱ्या दिवशी दोन तास भरले.

मॅन्युअल तेविसाव्या दिवशी गेलं. उत्तर आलं, ‘मिळालं. धन्यवाद.’

दोन महिन्यांनी त्याच बाईंचा मेल आला. दुसरं मॅन्युअल, ९६ पानं, पंधरा दिवसांत हवं. मेल आला त्याच दिवशी उघडला, एवढं मला इथे सांगायचंच आहे. हात ‘हो, नक्की’ टाइप करायला लागला होता, कारण त्यांच्यापुढे आपलं नाव साफ करायची ही संधी होती. मग वही काढली. ४८ तास, रोज दोन, हातात आणखी तीन कामं उघडी. लिहिलं, ‘२८ दिवस लागतील.’

त्यांनी विचार करून कळवते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की काम दुसऱ्यांना दिलंय. मी संध्याकाळपर्यंत हळहळले. पैसे बरे होते. मग यादीतली ती ओळ खोडली आणि चिठ्ठी वाचली: ‘पुढचा अडथळा: आकृती ७ मधले बाण उलटे आहेत, विचारणे.’ विचारून टाकलं.